भिंतीपलीकडचं घोरणं

१ डिसेंबर २०१४, अड्याळ
आज हायस्कूलवर रुजू झालो. शोभाताईंकडे छान खोली मिळाली. अंगणात पेरू, मागे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. शाळा सकाळची, म्हणजे दुपार सगळी माझी. भिंतीपलीकडच्या खोलीत ताईंचे दीर भय्याजी एकटेच राहतात. पवनीला माग चालवायचे. दुपारी जेवून झोपले की दणकून घोरतात, मधेच श्वास अडकतो. माझंही असंच होतं, म्हणून तर दोन महिन्यांपूर्वी नागपुरात नाका-घशाचं ऑपरेशन केलं. आता झोप मस्त. फक्त वास येत नाही, आणि प्रत्येक घासाला लोखंडाची चव. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुधारेल.

३ डिसेंबर
ताईंनी मासोळीची भाजी दिली. सारखं विचारत होत्या, कशी झाली. छान म्हणालो, तोंडात नुसतं लोखंड. त्या आठवडाभर लेकीकडे आंधळगावला चालल्या. जाताना बजावलं, भय्याजींना झोपेतून उठवू नका, चिडतात.

८ डिसेंबर
स्टाफरूममध्ये कुंदन सरांनी खुर्ची लांब सरकवली. मग हळूच विचारलं, घरी उंदीर मेला का, कपड्यांना वास येऊन राहिला. मला काहीच कळेना. दोनदा आंघोळ केली. घसा तर सडला नसेल? डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, जखम केव्हाच भरली. पलीकडे भय्याजी घोरत होते. आवाज जरा ओला वाटला.

१० डिसेंबर
ताई परतल्या. फाटकातच पदर नाकाला लावला. "गुरुजी, एवढा वास सुटला, तुमाले समजला कसा नाई?"
आतून कडी होती. दार तोडलं. भय्याजी खाटेवर.
हवालदार म्हणाला, पाच-सहा दिवस झाले असतील. मी सांगितलं, काल दुपारीच घोरणं ऐकलं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं नाही.

१२ डिसेंबर
खोली धुतली, कुलूप लावलं. दुपारी दोनला पुन्हा घोरणं. ताईंना हाक मारली. त्या अंगणात कान देऊन उभ्या राहिल्या. चेहरा उतरला.
"गुरुजी, आवाज तर तुमच्याच खोलीतून येऊन राहिला."

१३ डिसेंबर
बायकोला, करुणाला बोलावलंय. चारच्या बसनं येईल.
वास आला. दोन महिन्यांत पहिला. कुजका, गोडसर. कपड्यांना नाही. भिंतीला नाही. श्वास सोडला की येतो —
जिभेवर आता लोखंड नाही. तेच, गोडसर —

दोन वाजले. मी जागा आहे. टेबलाशी बसून लिहितोय. आणि घोरणं माझ्याच घशातून —
थांबलं. श्वास आत येत नाही. मोजतोय. अठरा, एकोणीस — ताई दार वाजवतायत — हाक मारता येत ना—