डावा पाय, पस्तीस अंश

३ मार्च, सकाळी ७.१०
क्लबच्या कार्बाइन संघात एकच जागा उरली आहे. निवड बावीस तारखेला. ही आखूड नळीची बंदूक हातात घेऊन मला तीनच महिने झाले, पण नेमबाजी मला येते. प्रश्न फक्त स्टान्सचा, म्हणजे उभं राहण्याच्या पद्धतीचा आहे.
कोच म्हणाले, पाय खांद्याएवढे फाकवा, डावा थोडा पुढे, वजन पुढे, झालं. 'थोडा' म्हणजे किती मिलिमीटर, हे त्यांना सांगता आलं नाही.

५ मार्च
आडवं उभं राहून पाहिलं, डावा खांदा लक्ष्याकडे. फोटोत रुबाबदार दिसते. पहिल्याच धक्क्याला दोन पावलं मागे गेले. जाणं नियंत्रित होतं.

९ मार्च
आता छाती लक्ष्याकडे, गुडघे सैल. हॉलच्या फरशीवर टेपने पावलं आखली. कोनमापकाने पस्तीस अंश. कार्बाइनऐवजी छत्री. आई म्हणाली, वाकलीच आहेस तर फडकंही मार. ताईने विचारलं, कुणावर चालून निघालीस? दुर्लक्ष केलं.

१४ मार्च
रेंजवर मोजपट्टी नेली. पाय लावायला अकरा मिनिटं. शेजारच्या लेनमधल्या ग्रंथपाल काकू (स्टान्स: दूध उतू जायची वाट बघणारा) म्हणाल्या, बाळ, तू उभी राहीपर्यंत माझ्या वीस गोळ्या झाल्या. त्यांतल्या चार लागल्या होत्या. त्याही त्याच जागेसाठी आहेत; स्पर्धक म्हणून त्यांचं नाव मनातल्या यादीतून खोडलं.
संकल्प: रोज चाळीस मिनिटं नुसता स्टान्स. गोळ्या वाया घालवायच्या नाहीत.

१८ मार्च
कंबर धरली. आज मनातल्या मनात सराव. उत्तम झाला.

२१ मार्च
कोचकडून एक कामाची गोष्ट कळली. डोळे मिटून कार्बाइन रोखायची, मग डोळे उघडायचे. नळी जिथे वळलेली दिसेल तो शरीराचा नैसर्गिक रोख. चुकला तर पाय हलवा, म्हणाले. पाय हलणार नाहीत. ते मोजलेले आहेत.

२२ मार्च, दुपारी १
डोळे मिटले, उघडले. लक्ष्य बरोबर समोर. दहाही गोळ्या चहाच्या बशीत मावतील. कोच दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले. भारावले असावेत.

२२ मार्च, दुपारी ३
माझं लक्ष्य कोरं. काकूंच्या लक्ष्यावर चौदा भोकं. क्लबचा नियम असा की, कोणतं भोक कुणाचं हे ठरत नसेल तर त्यांतली चांगली दहा लेनवाल्याची. संघात काकू.
स्टान्स निर्दोष होता, हे नोंदवून ठेवते.
जाताना काकूंनी पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, सामन्यालाही शेजारीच उभी राहशील ना गं?