जिन्याखालची बाज

गोरक्षण रोड, अकोला
१२ डिसेंबर २०२४

चि. गीतांजलीस,

अ. आ. वि. वि. आशीर्वाद मनापासून नाहीत, मोठा भाऊ आहे म्हणून लिहावे लागतात. फोनवर बोललो तर माझ्या तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही. वकीलसाहेबांनीही सांगितलं की जे म्हणायचं ते लेखी म्हणा.

अमरावतीच्या त्या छोट्या वस्तूंच्या प्रदर्शनात तू आमचं घर मांडलंस. हातभर उंचीचं, हिरव्या फाटकासकट, वर माझ्या नावाची पाटी. सोफा, शोकेस, ओट्यावर मायाचा मिक्सरसुद्धा. तिथवर कौतुकच केलं असतं. पण जिन्याखालची कोठी उघडी ठेवून तिच्यात बाबांची बाज टाकलीस! माणिकबाई मावशी पाहून आल्या आणि मायाला फोन करून म्हणाल्या, भाऊजीले तुमी जिन्याखाली निजवत होते काय व? माया दोन दिवस जेवली नाही.

हेच प्रदर्शन १० जानेवारीला अकोल्यात येणार आहे. १९ला आमच्या अपेक्षाचं साक्षगंध आहे आणि मुलाकडची माणसं याच गावातली. पोरीचा विचार कर आणि ती बाज काढ. बाबा आमच्याकडे सुखाने गेले हे साऱ्या सोयऱ्यांना माहीत आहे.

धाकटेपणाची जाणीव ठेवावी.
अश्विन


साईनगर, अमरावती
१७ डिसेंबर

ती. अश्विनदादास,

सा. न. वि. वि. नमस्कार तुझ्या वयाला. वहिनी जेवल्या नाहीत हे वाचून मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला लिहू.

दोन वर्षांत मी चार वेळा आले. चारही वेळा बाबा पुढच्या खोलीत, सोफ्यावर, इस्त्रीच्या शर्टात. मी चहा प्यायले, पाया पडले आणि परतीची एसटी गाठली. दहाव्याच्या दिवशी परात शोधायला जिन्याखाली गेले, तेव्हा ती बाज दिसली. उशाशी त्यांचा चष्मा होता. मी तिथल्या तिथे ओढणीने मापं घेतली आणि गाठी मारून ठेवल्या. फुटाला एक इंच या प्रमाणात सागाच्या चिपाट्या तासल्या, शिवणाचा दोरा चहात बुडवून सुतळीच्या रंगाचा केला आणि चिमट्याने बाज विणली. सोफ्याला दोन दिवस लागले होते, बाजेला अकरा. रडत विणली म्हणून दोनदा उसवावी लागली.

अपेक्षा माझीही लेक आहे. पण बाज निघणार नाही. माझ्या कामात नियम एकच, मनाचं काही बनवायचं नाही. काही चुकीचं दाखवलं असेल तर कळव, त्याच दिवशी बदलते.

होता तेवढा लोभ पुरे.
गीतांजली


अकोला
२३ डिसेंबर

गीतांजलीस,

आशीर्वाद या वेळी गाळले आहेत.

मला नियम सांगतेस? आपल्या मामेबहिणीने, पौर्णिमाने, फोटो पाठवले ते मी मोठे करून करून पाहिले. तुझं घर खोटं आहे, हे घे लेखी. बाजेजवळ लाकडी स्टूल दाखवलंस. तिथे रंगाचा रिकामा डबा होता. टेबलपंखा ठेवलास, निळ्या पात्यांचा, लोकांनी वाहवा करावी म्हणून. तिथे पंखा कधीच नव्हता. जिन्याखाली वायरच नेलेली नाही. आणि दाराला कडी आतून लावलीस. ती बाहेरून होती. बाबांना शेवटी काही उमगत नव्हतं, नजर हटली की फाटकाबाहेर. एकदा थेट कौलखेडला सापडले. मी दिवसभर दुकानात, माया घरात एकटी, कडी लावू नये तर काय करावं? तू चार दिवस सांभाळून दाखवायचं होतंस.

जिला घराची कडी कुठून लागते ते माहीत नाही, तिने घर मांडू नये. दहा तारखेच्या आत मागे घे, नाही तर नोटीस येईल.

अश्विन


अमरावती
२८ डिसेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

तुझं बरोबर आहे, पंखा मी माझ्या मनाने ठेवला. अकोल्याच्या मे महिन्यात बाबांना पंखा नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नियम मीच मोडला. पंखा काढला, स्टूलही काढलं, रंगाचा डबा ठेवला.

मी सांभाळलं नाही हेही खरं. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. चार वेळा त्यांच्यासमोर बसून मला काही दिसलं नाही, याची लाज मला जन्मभर पुरेल.

कडी बाहेरून बसवली. पितळेची आहे, गव्हाच्या दाण्याएवढी. आता कोठीचं दार बंद असेल. ज्याला आत पाहायचं त्याने ती नखाने काढायची, तशी चिठ्ठी शेजारी लावली आहे. काल मी स्वतः काढून पाहिली.

दहा तारखेला सगळे या. व्याह्यांना ती उघडता आली नाही तर तू उघडून दाखव. तुझ्या बोटांना सवय आहे.

धाकटी,
गीतांजली