अकरावा ग्लास

प्रिय वसंता,

तुझी फटफटी उद्या सकाळी दहा वाजता ताब्यात मिळणार आहे. काटोलच्या ठाण्यातल्या हवालदारांनी आज दुपारी आमच्या पेपरच्या ऑफिसात फोन करून तसं नक्की सांगितलं. हँडल वाकलंय, बाकी गाडी चालू आहे म्हणाले. मी फोन ठेवला, हातातली बातमी पुरी करून दिली आणि हा कागद घेतला. वहिनींना जे सांगायचं आहे, ते आधी तुला लिहून बघतो.

तू गेल्याच्या बातमीच्या चार ओळीही मीच लिहिल्या होत्या. वेळेत दिल्या, एक चूक नव्हती. रडू तेव्हा आलं नाही, आताही येत नाही. असं का व्हावं रे?

इतकी वर्षं आपण दोघंच फिरलो. इतवारीतलं तुझं भांड्यांचं दुकान बंद असलं की निघायचं. नियम एकच, तुझा. वळणावर पुढच्यानं थांबायचं, मागचा दिसला की मगच निघायचं. मला त्याचा कंटाळा यायचा. मला दहा-बारा गाड्यांची रांग हवी असायची, तो आवाज, टपरीवरची थट्टामस्करी.

"वरात काढून राहिला का गा? नवरदेव कोण?" तू विचारायचास.

"तुले माणसं नकोत काहून?"

"पाहिजेत ना. पण दोघं असलो का मागं कोण हाय ते माहीत राहते. दहा असले का मागचा कोणाचाच नाही राहत."

तरी त्या रविवारी मी तुला ओढून नेलंच. काटोलजवळ आमच्या घोळक्यातल्या भास्करचा संत्र्याचा बगीचा, अकरा गाड्या, अकरा जण. एकदा तरी ये म्हणालो आणि तू आलास! का आलास? नाही म्हणायचं होतंस ना!

तू सगळ्यांच्या मागे होतास, मी तुझ्या पुढे. पहिल्या दोन वळणांवर मी थांबलो. तिसऱ्यावर पुढचा एक जण ओरडला, "अबे, बायकोची वाट पाहून राहिला का?" सगळे हसले. मीही हसलो आणि निघालो.

टपरीवर भास्करनं अकरा चहा सांगितले. त्या घोळक्यात डोकी कोणी मोजत नाही. निघताना रिकामे ग्लास मोजतात. ग्लास रिकामे, म्हणजे सगळे आले. तुझा ग्लास भरलेलाच होता. मी थोडा वेळ रस्त्याकडे पाहिलं. चहावर साय धरली. तू आपल्या चालीनं येशील असं वाटलं, आणि गार होतो म्हणून तो चहा मीच पिऊन टाकला.

भास्करनं बाकावरचे ग्लास मोजले. "अकरा. चला रे!"

मी काही बोललो नाही, वसंता.

तू तिसऱ्या वळणाच्या खाली पडला होतास. तू आला नाहीस हे बाकीच्यांना बगीच्यात पोचल्यावर कळलं. आम्ही उलटे फिरलो, तोवर एका बैलगाडीवाल्यानं तुला उचलून रस्त्याच्या कडेला आणलं होतं. दवाखान्यात तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे वहिनींना माहीत आहे. ग्लासाचं माहीत नाही.

परवा त्यांनी विचारलं, "भाऊजी, इतके जण होते, कोणाच्याच ध्यानात नाही आलं काहून?"

गडबडीत राहून गेलं, म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

भास्कर म्हणतो, सगळे मिळून ठाण्यातून गाडी आणू, वसंताला शोभेल अशा थाटात. मी नको म्हणालो. वहिनींचा भाऊ आणि मी, दोघंच जाऊ. येताना तो तुझी गाडी चालवेल, मी पुढे असेन. प्रत्येक वळणावर थांबेन. त्या वळणावरही.

दुपारपर्यंत गाडी तुझ्या दारात लागेल. वहिनी आत बोलावतील, चहा ठेवतील. तो हातात घेण्याआधी मी त्यांना सगळं सांगेन, हा शब्द तुला. मग त्या चहा देतील की नाही, मला माहीत नाही.

तुझ्या पुढे निघून गेलेला,
दिनकर