आईच्या तोंडचं वाक्य

वेर्बाव्का, १२ मे १९७८

चि. लावरेन यास अनेक आशीर्वाद.

मास्तरांनी तुझा लेख दुकानात सगळ्यांसमोर वाचून दाखवला. आपल्या सगळ्या स्लाव लोकांचा 'शिवणे' हा शब्द कापडाहून जुना, तो कातडी आणि झाडाची साल जोडण्यातून आला, असं तू लिहितोस. असेल बाबा. पण पुरावा म्हणून आईचं वाक्य? 'आमच्यात होडी झाडाच्या मुळ्यांनी शिवत' असं ती म्हणे? आजोबा नदीत बुडाल्यापासून होडीचा विषय निघाला तरी ती उठून जायची. शेजारणी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसल्या. मेलेल्या आईच्या तोंडात शब्द कोंबलेस, लावरेन. मला किळस आली.

बटाटे लावून झाले. तुझा खोकला कसा आहे?

तुझी ताई, वुल्याना

मिन्स्क, २० मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावलीस, तुझा हक्कच आहे. लिथुआनियापासून हिंदुस्थानापर्यंत याच मुळाचे शब्द सापडतात, पण होडीचा दाखला कुठे मिळेना. वर्षभर गावं पालथी घातली. आम्ही करतोय त्या शब्दकोशात ही नोंद दाखल्यासकट छापली गेली तरच माझी नोकरी पक्की होणार. आईनं मला नाही म्हटलं असतं का? आमचे प्राध्यापक जूनमध्ये ते वाक्य आईचंच का, हे तुला विचारायला येतील. एकदाच हो म्हण.

रागात का होईना, माया असू दे.

तुझा लावरेन

वेर्बाव्का, १८ जून

चि. लावरेन, आशीर्वादाला हात उचलत नाही, तरी देते.

तुझे प्राध्यापक आले, बटाट्याची धिरडी चापून खाल्ली. मी स्पष्ट सांगितलं की आई असं कधी बोलली नाही. त्यांनी ओठ पुसले आणि म्हणाले, "कोश छापायला गेलासुद्धा, बाई. वाक्य सुंदर आहे. कुणाचं काय बिघडतं?" वर एक रेशमी रुमाल पुढे केला. रुमाल त्यांच्याच पिशवीत कोंबून परत दिला. म्हणजे तुझी नोकरी पक्की. गिळ आता.

आई खरं काय बोलायची, ते त्यांनीही विचारलं नाही. अंगावरच्या सदऱ्याला बटण लावताना ती तुझ्या-माझ्या दातांत दोरा द्यायची. म्हणायची, "चावून धर रे, नाहीतर अक्कल शिवली जाईल." तू बहुतेक दोरा मध्येच सोडलास.

तिचं खोटं वाक्य आता पुस्तकात राहील, शिकलेले लोक ते वाचतील. खरी वाक्यं मला आठवतात तोवर आहेत.

घरी येऊ नकोस असं म्हणत नाही. जेवायला वाढीन. फक्त तिच्याविषयी माझ्यासमोर एक शब्द काढू नकोस.

वुल्याना