मुठीतला घड

इनेसबाई,

तुमचा पत्ता ठाऊक नाय, तरी लिहिते.

निफाडला आमच्या बागेत शूटिंगला आलात, तेव्हा दुभाषा म्हणाला होता, पन्नाशीच्या नटीला स्पेनातही कामं मिळत नाहीत, आता सगळी आशा याच सिनेमावर आहे. पहिल्याच दिवशी तुम्ही द्राक्षाचा घड मुठीत धरलात. मण्यांवरची पांढरी झाक पुसली की व्यापारी माल नाकारतो, म्हणून मी तुमच्या हातावर चापट मारली. तुम्ही हसून देठ धरलात.

काल सुनेनं त्या सिनेमाची सीडी लावली. नवी मजूर पोरगी घड मुठीत धरते आणि तुम्ही ओठ दाबून तिला तश्शीच चापट मारता. याच कामाला तुम्हाला मोठं बक्षीस मिळालं म्हणे.

बक्षीस तुमचंच. पण गावभर सांगून आलेय, ती चापट माझी आहे.

तुमची मास्तरीण,
कुसाबाई