पाटल्यांऐवजी बंदूक

अण्णा,

काल मी बंदूक घरी आणली. माझी स्वतःची. वीस गेजची, एकावर एक दोन नळ्या असलेली, अक्रोडाच्या दस्त्याची. तुम्ही असता तर आधी ती उघडून नळ्यांतून खिडकीकडे पाहिलं असतंत आणि मग मला विचारलं असतंत, "कुणाला इचारून?" तर तुमच्या जावयानं घेऊन दिली, बक्षीस म्हणून. नवऱ्याची सेवा केल्याबद्दल बायकोला बक्षीस मिळतं, हे कोल्हापुरात कुणी ऐकलेलं नाही, तेव्हा तुमचा विश्वास बसणार नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही ओहायोत राहतो, कोलंबस शहराच्या कडेला डब्लिन नावाचं गाव आहे तिथे. इथे घरं मोठी आणि माणसं घरात. ऑक्टोबर संपता संपता झाडांची पानं गळतात, छपराच्या पन्हळीत साचतात आणि ती काढली नाहीत तर हिवाळ्यात तिथे बर्फ धरतो. दोन हजार पाच साली त्या पानांसाठी तुमचे जावई शिडीवर चढले. मी म्हटलं होतं, माणूस बोलावू. तो म्हणाला, "अगं, पुण्यात मी गच्चीवरच्या टाकीत उतरून टाकी धुवायचो." मी आत कांदा चिरत होते. शिडी घसरल्याचा आवाज आला, पण माणूस पडल्याचा आवाज आला नाही, त्यामुळे मी आधी नुसतीच खिडकीतून बघितलं. तो गवतावर उताणा पडला होता आणि आभाळाकडे बघत होता. मांडीचं हाड मोडलं, कंबरेचं मोडलं, पाठीच्या एका मणक्याला तडा गेला. मांडीत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल.

घरात आम्ही दोघंच. सासूबाईंना व्हिसा मिळेपर्यंत हिवाळा आला आणि मग त्यांच्याच गुडघ्यांनी विमान नको म्हटलं. खालच्या दिवाणखान्यात त्याचा पलंग लावला. मी अर्धा दिवस ऑफिस, अर्धा दिवस घरून काम, असं मॅनेजरकडून मागून घेतलं. त्याला उठवणं, बसवणं, अंग पुसणं, वॉकरपर्यंत नेणं, थेरपीला ड्राइव्ह करून नेणं. अण्णा, ज्या माणसानं मला कधी त्याच्या शर्टाला इस्त्री करू दिली नाही, त्याला पलंगावर शौचाचं भांडं द्यायचं म्हणजे काय, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तो भिंतीकडे तोंड करायचा. मी उगाच ऑफिसातल्या गोष्टी सांगत राहायची. त्यातून आम्ही एकमेकांची लाज राखली.

फेब्रुवारीत एका दुपारी बाहेर बर्फ पडत होता आणि मी चहा घेऊन आत गेले. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "पडलो तेव्हा पुरता पडलो असतो तर तू मोकळी झाली असतीस." अगदी साध्या आवाजात, पोस्ट आलं का विचारावं तसं. मी म्हटलं, "चहा गार होतोय." मग स्वयंपाकघरात गेले आणि त्याच्या वेदनेच्या गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात, खाली खोल खुपसून ठेवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी त्याला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, औषध सुरू झालं. तो जायला तयार झाला, हे त्याचं मोठेपण. माझा मात्र त्या दिवसापासून घरातल्या शांततेवरचा विश्वास उडाला. तो झोपलेला असला तरी मी दारातून छाती वरखाली होते का ते बघायची.

शेजारी एक आजी राहतात. मी त्यांना मनात आजी म्हणते, तोंडावर नावानं. इथे तसंच चालतं. त्या कधी केक आणून द्यायच्या, कधी न सांगता आमच्या दारातला बर्फ ओढून जायच्या. मार्चमध्ये एकदा म्हणाल्या, "हनी, हॉस्पिटल आणि ग्रोसरी सोडून तू शेवटची कुठे गेली होतीस?" मला आठवेना. "शनिवारी माझ्याबरोबर चल," त्या म्हणाल्या. मराठी मंडळातल्या एक काकू त्याच्याजवळ बसायला आल्या आणि मी गेले. मला वाटलं, चर्चमध्ये नेतील. त्यांनी नेलं ते एका मोकळ्या माळावर. तिथे एका यंत्रातून मातीच्या तबकड्या आभाळात उडवतात आणि बंदुकीनं त्या हवेत फोडायच्या असतात. आजींनी गाडीच्या मागून त्यांची जुनी बंदूक काढली आणि विचारलं, "कधी हातात धरली आहेस?"

अण्णा, काय सांगणार? मी तुमच्या दुकानात वाढले. शाळा सुटली की दप्तर बाकाखाली टाकून तुमच्यासमोर बसायची. नळीतून चिंधी ओढायची, स्क्रू रॉकेलमध्ये बुडवायची, रानडुकरं हाकायच्या गावोगावच्या बंदुकांना तेल लावायची. पण एकदाही उडवली नव्हती. दुरुस्त झालेली बंदूक तपासायला तुम्ही खाणीत जायचात तेव्हा दादाला न्यायचात. मी हट्ट केला की म्हणायचात, "तुज्या खांद्यावर वळ उठला तर तुजी आई मला जेवाय घालायची न्हाई." सगळे हसायचे आणि मी मागे राहायची. एकदा कपाटाच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसलं म्हणून मी त्याच्यावर एक बंदूक रोखली. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत, उघडून दाखवलीत. आत काही नव्हतं. मी म्हटलं, "रिकामीच होती की." तुम्ही म्हणालात, "रिकामी बंदूक ह्या जगात नसती." आणि त्या दिवशी घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. जन्मात तुम्ही मला एवढंच रागावलात.

मी आजींना म्हटलं, "साफ केलीये पुष्कळ." त्या हसल्या. पहिल्यांदा तबकडी गेली आणि मी बघतच राहिले. नंतरच्या सगळ्या चुकल्या. शेवटी एक फुटली, हवेत काळी पूड झाली आणि मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडचे लोक वळून बघायला लागले. घरी येऊन आरशात पाहिलं तर खांद्यावर निळा-जांभळा वळ होता. आजींची बंदूक माझ्या मापाची नव्हती, लांब होती. मी बाथरूममध्ये उभी राहून हसले आणि मग बराच वेळ रडले. बाहेरून तो विचारत होता, "काय झालं? अगं, काय झालं?"

मग शनिवार ठरूनच गेला. जूनमध्ये तो एकटा, फक्त काठी घेऊन, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेला आणि परत आला. पायरीवर बसला, घामाघूम. म्हणाला, "बोल, काय हवं तुला? या सगळ्याबद्दल. पाटल्या करू या का?"

मी म्हटलं, "बंदूक."

तो हसला. मी हसत नाही असं पाहिल्यावर थांबला. "खरंच?"

"खरंच. माझ्या मापाची. पण ती घरी आणायची नाही. आजींकडे तिजोरी आहे, तिथे राहील."

तो काठीच्या मुठीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "माझ्यामुळे?"

"हो."

"तुला माझी भीती वाटते?"

"तुझी नाही रे. फेब्रुवारीची वाटते."

मला वाटलं, तो दुखावेल, उठून आत जाईल. उठायलाही त्याला माझाच हात लागला असता म्हणा. तो म्हणाला, "गोळ्या तांदळात ठेवायचीस ना? बाटलीला पांढरी पूड लागलेली असायची. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, "बरं वाटलं होतं. कुणीतरी माझ्यावर लक्ष ठेवून आहे म्हणून. मलाच माझा भरवसा नव्हता तेव्हा." आम्ही त्या पायरीवर ऊन उतरेपर्यंत बसून होतो. फेब्रुवारीबद्दल आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो.

बंदूक घरी आणायची नाही हे मला कुठून सुचलं, ते त्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तुम्हांला आठवतो का तो राधानगरीकडचा माणूस? दरवेळी बंदूक हातात घेतली की आधी नळीत डोकावायचा, चाप ओढून बघायचा, तुमच्याशी हुज्जत घालायचा. त्या वर्षी त्याचा थोरला मुलगा तापानं गेला होता. तो बंदूक न्यायला आला, बायको पायरीखाली उभी. तुम्ही आदल्या दिवशीच स्प्रिंग बसवून तयार ठेवलेली बंदूक त्याच्यापुढे धरलीत आणि तो नळीत न बघताच ती काखेत मारून निघाला. तुम्ही म्हणालात, "थांबा, थांबा. स्प्रिंग काय बरोबर न्हाई. मुंबईस्नं मागवतो. पुढल्या महिन्यात या." मी म्हणायला गेले, "अण्णा, स्प्रिंग तर..." आणि तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी चिंधी तोंडात धरल्यासारखी गप्प झाले. पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा स्प्रिंग वाटेत होती. त्याच्या पुढच्या वेळी ती चुकीची आली होती. दिवाळीनंतर तो आला तो पायरीवरूनच ओरडत, असला आळशी कारागीर जिल्ह्यात नाही म्हणून. तुम्ही मान खाली घालून सगळं ऐकून घेतलंत, हसत होतात, आणि आतून बंदूक आणून दिलीत. तो नळीत डोकावला. तो गेल्यावर मी विचारलं, तर एवढंच म्हणालात, "तवा दिली असती तर मला झोप लागली नसती."

हे ऐकून तुमचे जावई म्हणाले, "मग चल. स्प्रिंग मुंबईहून येईपर्यंत आजींकडे राहू दे."

दुकान हायवेलगत होतं, आपल्या गल्लीएवढं लांब. मी आधीच परवान्याचं वगैरे विचारून ठेवलं होतं, ग्रीन कार्ड बरोबर होतं. काउंटरमागचा माणूस सगळं तुमच्या जावयाशीच बोलत होता. माझ्यासाठी त्यानं एक गुलाबी मुठीचं छोटं पिस्तूल काढलं. जावई काठीवर रेलून म्हणाले, "तिला विचारा. तिचे वडील बंदुका दुरुस्त करायचे." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, अण्णा. पार्टीत कुणी विचारलं की तो म्हणायचा, सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्याला शस्त्रांची चीड होती आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही त्याचं वाक्य. त्या दिवशी तो ते परक्या माणसापुढे म्हणाला, तेही असं की जणू तुम्ही सर्जन होतात.

मग मी सावकाश निवडलं. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवायचा आणि बोट चापापर्यंत पोचतं का बघायचं, तुम्ही गिऱ्हाइकाचं माप घ्यायचात तसं. एक जड होती. एकीचा सांधा सैल. जावयाला चांदीसारखी नक्षी असलेली आवडली, बदकं उडताहेत अशी. "ही घे ना, बक्षीस आहे, दिसायला तरी बक्षिसासारखं हवं." मी म्हटलं, नक्षीत तेल साचतं. साधी घेतली, आखूड दस्त्याची. खांद्याला लावली तेव्हा ती कुठेच टोचली नाही. दुकानातून बंदूक थेट आजींच्या तळघरात गेली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. फक्त तिजोरीत त्यांच्या बंदुकीशेजारी जागा केली.

ती तिथे दीड वर्षाच्या वर राहिली. किती दिवस ठेवायची हे आम्ही ठरवलं नव्हतं. तो म्हणाला होता, "मी सांगणार नाही. तू ठरव." मी त्याच्यावर नजर ठेवणं हळूहळू विसरले. तो भाजीत मीठ कमी म्हणून भांडायला लागला. क्रिकेट बघताना टीव्हीला शिव्या घालायला लागला. या महिन्यात एकदा संध्याकाळी त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पुढच्या वर्षीच्या दिवाळीची भारताची तिकिटं बघत होता. "आत्ताच बुक केलं तर खिडकी मिळेल," म्हणाला. मी मनात ठरवलं, आता बंदूक घरी आणायची. शनिवारी तोच पोलादी कपाट घेऊन आला, गुडघ्यावर बसून तळघराच्या भिंतीला बोल्टनं आवळलं, दोन्ही किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी विचारलं, "तुला कसं कळलं, मी आणायचं ठरवलंय ते?" म्हणाला, "तू हल्ली दारातून बघायला येत नाहीस. मी झोपल्यावर."

म्हणून काल आणली. उघडून पुसली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. तो वरून विचारत होता, मदत हवी का, आणि मी म्हटलं नको, कारण मला तिथे जरा वेळ तुमच्याशी बोलायचं होतं.

हे पत्र जायचं कुठे? दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला आहे, असं दादा सांगतो. त्यालाच पाठवावं असं मनात आलं, पण तो फोन करून आधी विचारेल, पोरीनं बंदूक घेतली याचं लोकांना काय सांगायचं. तेव्हा हे माझ्याचकडे राहील.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही, जावयालाही नाही. मंडळातल्या बायका विचारतात, हा कसला शौक, तर मी म्हणते वडिलांचा धंदा होता, आवड रक्तात आहे. ऐकायला छान वाटतं. पण खरं असं की, त्या माळावर गेल्यावर आजींनी पहिल्यांदा माझ्या कानांवर जाड झाकणं चढवली आणि सगळं जग एकदम गप्प झालं. त्या हिवाळ्यात मला घरात दिवसभर हाका येत होत्या आणि प्रत्येक हाकेला मी "आले" म्हणत होते, मनापासून म्हणत होते. तबकड्या, नेम, तुमची आठवण, हे सगळं नंतर आलं, अण्णा. त्या पहिल्या शनिवारी मला फक्त थोडा वेळ कुणालाही "आले" म्हणायचं नव्हतं.