सहावं गाणं, बाहेरची पायरी

३ फेब्रुवारी, शनिवार

पुस्तक आलं! कुरियरवाल्याने कुत्र्याला घाबरून कुंपणावरूनच फेकलं. एक कोपरा चेपला. चेपू दे.

वाझचं, म्हणजे नवीन वाझचं, आत्मचरित्र! फर्नेस नाईन बँडचा गिटारिस्ट स्वतःबद्दल लिहितोय आणि मी ते लोधिवलीत पडवीत बसून वाचणार. सुरभीने पुण्याहून पाठवलं, माझ्या वाढदिवसाचं. फोनवर म्हणाली, "आई, तुझ्या वयाच्या बायका पोथ्या वाचतात. तू आपले केसाळ बाप्ये वाच."

रॉकवाल्यांच्या आत्मचरित्रांबद्दल माझं मत पक्कं आहे. गोष्ट एकच असते. मारकुटा बाप, उसनी गिटार, मग दारू, मग तीन बायका, मग देव. मागे त्या फिनलंडच्या बेसवाल्याचं वाचलं — एवढं जाडजूड, आणि त्यात संगीत चिमूटभर. बाकी सगळं हॉटेलच्या खोल्या कशा फोडल्या ते. त्या खोल्या नंतर कोणी झाडल्या, हे आजवर एकानेही लिहिलेलं नाही.

पण ज्याने 'स्लॅग' हा अल्बम केला त्याच्याकडून मला जास्त हवंय. लोखंड वितळलं की वर जी घाण येते ती स्लॅग. माझा नवरा राजेश खोपोलीच्या ज्या कारखान्यात आहे तिथे तिचे ढीग असतात. असल्या गोष्टीचं नाव अल्बमला देणारा माणूस खोटं कशाला लिहील?

४ फेब्रुवारी, रविवार

रविवारचा नेम. भात चढवला आणि 'स्लॅग' लावला.

इतक्या वर्षांनंतर खरं लिहायला हरकत नाही — हा काही थोर अल्बम नाही. बेस गोधडीखालून आल्यासारखा. ड्रम्स पत्र्याचे. गायक गुरगुरतो चांगला, पण गायला लागला की शाळेच्या गॅदरिंगची आठवण होते. दुसरं आणि चौथं गाणं आज कोणी नव्याने काढलं तर मी अर्ध्यात बंद करीन. कॉलेजात असताना कॅसेट घेतली ती फक्त कव्हरवरच्या बारीक अक्षरांसाठी: ध्वनिमुद्रण — चौक गावाजवळच्या एका फार्महाऊसमध्ये. आपल्या इथे रेकॉर्ड झालेलं हेवी मेटल रॉक! माहेरी, भिसेगावच्या घरात मी ते कव्हर उशाशी घेऊन झोपायचे.

आणि सहावं गाणं. त्याला नाव नाही, शब्द नाहीत. सुरुवातीला नुसती घरघर, आणि मग ती गिटार. तिच्यासारखी दुसरी मी ऐकलेली नाही. एकाही सुराला मींड नाही. सगळे मेटलवाले तार ओढून ओढून रडतात. हा रडत नाही. सूर पायऱ्यांनी चढतो, टक टक टक, अतिशय वेगात, आणि वर पोचून उभा राहतो. सुरभीच्या वेळी कळा येत होत्या तेव्हा मी मनात हेच म्हणत होते.

सहावं लागलं आणि नेहमीप्रमाणे राजेश उठून बाहेर गेला. लग्नापासून हेच. पाचवं चालतं, सातवं चालतं — सहाव्याला उठतो! मी बोलायचं सोडून दिलंय. प्रत्येकाला सगळं आवडलंच पाहिजे असं नाही. थोडं लागतं मनाला, इतकंच.

अंबाबाई — माझ्या सासूबाई — स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वाल सोलत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं हे माझं नशीब. दुसरी कोणी असती तर स्पीकर विहिरीत गेला असता! बेस वाढवला की भिंतीवरचा हिरामणदादांचा फोटो थरथरतो, म्हणून मी एका मर्यादेपुढे वाढवत नाही. राजेशचे थोरले भाऊ. मी या घरात येण्याआधीच गेले. हळदीत बेंजो वाजवून परत येताना टेंपो उलटला.

६ फेब्रुवारी, मंगळवार

वाझसाहेब पहिल्या बायकोपर्यंत आले. देव अजून नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

'स्लॅग'चं प्रकरण आलं. शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं, डबा तसाच राहिला.

फार्महाऊसचं वर्णन छान आहे. बेडूक, डास, जाणारी वीज. मग सहावं गाणं. तो लिहितो: "त्या दिवशी मी तार इतकी ओढली की बोटातून रक्त आलं. एकच सूर रडत रडत वर नेला."

कुठला सूर? कुठे ओढलाय?

घरी येऊन इअरफोन लावून ऐकलं. परत ऐकलं. एकही सूर ओढलेला नाही! सगळे तुटक, स्वच्छ, पायरी पायरी. मी हे गाणं माझ्या श्वासासारखं ओळखते. माणूस जुनं विसरतं, कबूल. मी स्वतः सुरभीच्या जन्माच्या दिवशी ऊन होतं म्हणते आणि राजेश म्हणतो ढग होते. पण आपल्या हातांनी काय केलं ते कसं विसरेल? हात विसरत नाहीत.

८ फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तक पुढे सरकत नाही.

जेवताना सहज विषय काढला. राजेशला यातलं काही नको असतं, तरी ते रक्ताचं वाक्य वाचून दाखवलं. त्याचा हात ताटातच थांबला.

"नाय वाजवलं त्याने ते."

"अहो, काय म्हणालात?"

"तो दारात बसून सिगरेटी फुकत होता. खोटारडा!"

आणि हात न धुता बाहेर गेला. आई, म्हणजे सासूबाई, मला म्हणाल्या, "भाकरी करपली काय गं? उठला का तो?" मी मान हलवली. कशासाठी हलवली, मलाच माहीत नाही.

राजेश तिथे होता? कुठे? कधी?

९ फेब्रुवारी, शुक्रवार

विचारलं. "उद्या सांगतो," म्हणाला. दिवसभर वर्गात नकाशे उलटे लावत होते.

१० फेब्रुवारी, शनिवार

भिसेगावला माझ्या आईकडे निघालो होतो. राजेशने गाडी थेट पुढे काढली, पळसदरीला. धरणावर मुंबईची पोरं गाडीचे दरवाजे उघडे टाकून नाचत होती. आम्ही लांब दगडावर बसलो. तो पाण्याकडे बघून बोलला. जसं आठवतंय तसं लिहिते.

त्या बँडवाल्यांच्या फार्महाऊसच्या शेजारी हळद होती. हिरामणदादांची बेंजो पार्टी वाजवत होती. बँडवाले आधी भांडायला आले — आवाज बंद करा म्हणून. मग तिथेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दादांना बोलावून घेतलं. राजेश तेव्हा दहावीत. बेंजोची पेटी उचलून बरोबर गेला.

"त्यांनी दादाचा बेंजो त्यांच्या मशीनला जोडला. एवढा आवाज! मी कान झाकले. दादा हसला. म्हणाला, राजा, आता खरा बोलला रं हा. आणि वाजवलं. एकदाच. ते म्हणाले बस, झालं. वडापाव दिले. आम्ही चालत घरी आलो."

बेंजो! टाइपरायटरसारखी बटणं, बटण दाबलं की सूर. तार ओढताच येत नाही — म्हणून मींड नाही, म्हणून पायऱ्या, म्हणून ती टकटक! गावातल्या दर हळदीत मी बेंजो ऐकते. स्वतःला एवढी कानसेन समजते. आणि मला कळलं नाही!

दादा त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले. कॅसेट पुढे कधी निघाली ते घरात कोणाला कळलंच नाही.

"मग तुम्हाला कधी कळलं?"

"तू माहेराहून घेऊन आलीस."

मी घेऊन आले. लग्नाच्या बॅगेत, साड्यांच्या घडीत. नव्या नवरीने हौसेने टेपरेकॉर्डर लावला आणि या माणसाने आपला मेलेला भाऊ ऐकला. आणि मी दर रविवारी लावत राहिले. आवाज वाढवून!

"अहो, सांगायचं नाही का एकदा? मी कधीच लावलं नसतं."

"म्हणूनच नाय सांगितलं. तू बंद केलं असतंस."

"पण तुम्ही तर उठून जाता!"

"पायरीवर बसतो. ऐकायलाच जातो गं. तुमच्यासमोर नाय जमत."

मागे ती पोरं नाचत होती. मला रडूही आलं नाही, एवढा धक्का बसला.

मग मला वाझचा राग आला. म्हटलं, प्रकाशकाला लिहिते, सगळीकडे लिहिते, सोडत नाही त्याला. राजेशने हात धरला. "आईला कळता कामा नाय. दादा गेला तेव्हा तिने बेंजो चुलीत घातला. स्वतःच्या हाताने. तेव्हापासून एका हळदीला गेली नाय ती. तिचा हिरामण अजून वाजतोय हे तिला कळलं तर ती जगायची नाय."

११ फेब्रुवारी, रविवार

लावलं नाही. लावूच शकले नाही. आता ते माझं गाणं राहिलेलं नाही. आणि आईंच्या डोक्यावर ते वाजवायचं? त्यांना ऐकू येत नसलं तरी?

घर केवढं मोठं वाटतंय. राजेश पायरीवर बसून उगाच चपला पुसत होता. आई उंबऱ्यावर वाल घेऊन बसल्या. सोलून संपले तरी उठल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी, सोमवार

वाझचं पुस्तक संपलं. शेवटी देव आलाच. आभारांमध्ये एका कुत्र्याचंसुद्धा नाव आहे.

सहाव्या गाण्याच्या पानावर मी पेनाने लिहिलं — वाजवणारा: हिरामण धाकलू, राहणार लोधिवली. पुस्तकात लिहिणाऱ्या पोरांना मी शाळेत ओरडते. अक्षर मुद्दाम मोठं काढलं.

पण कोण वाचणार ते? मी आणि वाळवी.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

समोरच्या शकूच्या मुलीची, जागृतीची हळद. संध्याकाळी बेंजो पार्टी आली आणि गल्ली हादरायला लागली. आई ताडकन उठल्या आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. मी बघत राहिले. एरवी मी पाठीमागून दोनदा "चहा घेता का?" विचारलं तर त्यांना कळत नाही!

जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "आई, ऐकू येतंय तुम्हाला?"

"कुठलं गं? त्या बायांचा धिंगाणा दिसतो म्हणून लावली." मग वाती वळायला बसल्या. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता — "बेसूर हाय मेला. बटनावर नुसता हात आपटतो."

राजेशला सांगितलं नाही. काय सांगायचं होतं, तेच कळत नव्हतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

आजही लावणार नव्हते. भात चढवला. राजेश बाहेर पायरीवर. आई उंबऱ्यावर येऊन बसल्या — आज वाल नाहीत, काहीच नाही, हात नुसते मांडीवर. मला खुणेने जवळ बोलावलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "मागच्या रविवारी बी नाय लावलंस. काय चुकलं काय गं आमचं? लाव की ते, माझ्या हिरामणचं. तू नवी आलीस ना या घरात, तवापासून ऐकते मी. राजेशला नको सांगू. त्याला सोसायचं नाय."

लावलं. फोटो थरथरला तरी आवाज वाढवत गेले — बाहेर पायरीपर्यंत पोचेल इतका.